तीन डॉक्टर, तीन नावे

प्रश्न : मी ३४ वर्षांची आहे. चार वर्षांपूर्वी गार पाण्यात हात घातला की माझी बोटे पांढरीफटक पडू लागली. पुढे सकाळी हात इतके सुजू लागले की अंगठी निघेना, मग सांधे दुखू लागले आणि गेल्या वर्षापासून जिना चढताना मांड्यांत जोर उरत नाही. पहिल्या डॉक्टरांनी ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटणारा आजार) सांगितला, दुसऱ्यांनी स्क्लेरोडर्माची (त्वचा घट्ट करणाऱ्या आजाराची) सुरुवात म्हटले आणि आता ज्यांच्याकडे जाते त्या संधिवाततज्ज्ञ बाईंनी ‘मिक्स्ड कनेक्टिव्ह टिश्यू डिसीज’ असे लिहिले आहे. रक्ताच्या अहवालात एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीज) १:१२८०, ‘स्पेकल्ड’ (ठिपकेदार). त्यांतल्या नेमक्या प्रतिपिंडांपैकी यू-वन आरएनपी मोठ्या प्रमाणात पॉझिटिव्ह, रो पॉझिटिव्ह, डीएस-डीएनए आणि स्मिथ निगेटिव्ह. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) चालू आहे. दुखणे वाढले की प्रेडनिसोलोन मीच थोडी वाढवते. मला एक आजार आहे की तीन? धाप लागत नसताना दरवर्षी इको (हृदयाची सोनोग्राफी) कशासाठी? पहिले मूल निरोगी आहे, दुसरे हवे आहे. ते शक्य आहे का?

उत्तर : तुमचा आजार एकच आहे, आणि तुमचे तिन्ही डॉक्टर आपापल्या वेळी फारसे चुकलेले नसावेत. तुमच्या पत्रातला क्रम पाहा: आधी बोटे, मग सूज, मग सांधे, मग स्नायू. हा आजार हप्त्याहप्त्याने समोर येतो. ज्यांनी सांधे आणि एएनए पाहिले त्यांना ल्युपस दिसला, ज्यांनी बोटे आणि सुजलेले हात पाहिले त्यांना स्क्लेरोडर्मा दिसला, आणि ज्या शेवटी आल्या त्यांच्यापुढे स्नायूंचा अशक्तपणा आणि आरएनपीचा अहवाल दोन्ही होते. शेवटी पाहणाऱ्याला नेहमीच जास्त दिसते, म्हणून आधीच्यांवर राग धरू नका. त्यांचे जुने कागद मात्र टाकून देऊ नका, कारण कोणते लक्षण कधी सुरू झाले हे त्यांतूनच कळते.

नावांचा हा गोंधळ मुळात वैद्यकशास्त्राचाच आहे. त्वचा, सांधे, रक्तवाहिन्यांच्या भिंती, फुफ्फुसांतली जाळी अशा सगळ्या ठिकाणी अवयवांना बांधून ठेवणाऱ्या ज्या ऊती असतात, त्यांना संयोजी ऊती (कनेक्टिव्ह टिश्यू) म्हणतात. ल्युपस आणि स्क्लेरोडर्मा हे वरवर वेगळे दिसणारे आजार याच ऊतींत घडतात, म्हणून त्यांचा एकत्र विचार करावा, असे पॉल क्लेम्परर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४२ मध्ये मांडले. ही कल्पना टिकली, पण रोगांची नावे मात्र कारणावरून न पडता लक्षणांच्या पुंजक्यांवरून पडत गेली. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच पेशींवर का उलटते, हे पूर्ण कळण्याच्या आधीच ती रूढ झाली. त्यामुळे एखादी व्यक्ती दोन पुंजक्यांच्या मधोमध उभी असली की अडचण व्यक्तीत नसते, वर्गवारीत असते.

अशा मधोमध उभ्या असलेल्यांसाठी तीन शब्द वापरले जातात आणि ते एकमेकांच्या जागी सर्रास लिहिले जातात. ज्यांच्यात दोन किंवा अधिक आजार पूर्णपणे, प्रत्येकाच्या निकषांनुसार, सिद्ध होतात त्यांच्या स्थितीला ‘ओव्हरलॅप सिंड्रोम’ म्हणतात. उदाहरणार्थ, ल्युपस आणि ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिस एकत्र, किंवा स्क्लेरोडर्मा आणि स्नायूंचा दाह एकत्र, ज्यात पीएम-एससीएल किंवा केयू नावाची प्रतिपिंडे सापडू शकतात. याउलट ज्यांच्यात थोडे हे, थोडे ते दिसते पण एकाही आजाराचे चित्र पूर्ण होत नाही, त्यांच्यासाठी ‘अनडिफरन्शिएटेड’, म्हणजे अद्याप रूप न घेतलेला, असा शब्द आहे; यांतले बरेच जण वर्षानुवर्षे तिथेच सौम्यपणे राहतात, आणि ज्यांचा आजार पुढे एखादे ठरावीक रूप घेतो त्यांच्यात ते बहुधा पहिल्या पाचेक वर्षांत घडते. तुमचा ‘मिक्स्ड’ हा तिसरा प्रकार. त्याचे वर्णन गॉर्डन शार्प आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये २५ रुग्णांवरून केले: ल्युपस, स्क्लेरोडर्मा आणि पॉलिमायोसायटिस (स्नायूंचा दाह) यांची मिसळ, गारठ्यात रंग बदलणारी बोटे, फुगलेले हात आणि रक्तात आरएनपीविरुद्धची प्रतिपिंडे मोठ्या प्रमाणात. तुमचे पत्र त्या वर्णनाच्या बरेच जवळ जाते.

त्या पहिल्या लेखात एक दिलासाही होता: हा आजार स्टेरॉइडला छान प्रतिसाद देतो आणि याचे भवितव्य चांगले असते. पुढच्या काळात त्याच प्रकारच्या रुग्णांचा पाठपुरावा झाला तेव्हा हा दिलासा अर्धाच खरा ठरला. सांधे, पुरळ, स्नायू यांचा दाह स्टेरॉइडने निवतो, पण स्क्लेरोडर्मासारखा भाग, म्हणजे बोटांच्या रक्तवाहिन्या, अन्ननलिका आणि फुफ्फुसांच्या धमन्या, स्टेरॉइडला फारशी दाद देत नाही. हा स्वतंत्र आजार मानावा की ल्युपस-स्क्लेरोडर्माचीच एक छटा, यावर तज्ज्ञांत अजून दुमत आहे. मला विचाराल तर हा वाद परिषदांत रंगतो तेवढा रुग्णाच्या उपयोगाचा नाही. तुमच्यासाठी नावापेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा की आज कोणता अवयव दाहात आहे, कोणता शांत आहे, आणि कोणता शांत दिसत असला तरी त्यावर पहारा ठेवायला हवा.

तपासण्यांच्या कागदांबद्दल थोडे. एएनए पॉझिटिव्ह येणे म्हणजे आजार नव्हे. निरोगी माणसांचे रक्त तपासले असता १:४० या पातळीवर, म्हणजे रक्तद्रव चाळीस पट पातळ केल्यावरही, सुमारे ३२ टक्के लोक आणि १:१६० वरही सुमारे ५ टक्के लोक पॉझिटिव्ह आढळले होते. तुमचे १:१२८० त्या मानाने खूप वरचे आहे आणि लक्षणांशी जुळतेही, म्हणून त्याला वजन आहे. पण एकदा पॉझिटिव्ह आलेले एएनए दर चार-सहा महिन्यांनी पुन्हा करण्यात हशील नाही, कारण तो आकडा वरखाली झाला म्हणून आजार वरखाली झाला असे ठरत नाही. आरएनपीचेही बहुतांशी तसेच आहे. आरएनपी ल्युपसच्याही काही रुग्णांत सापडते, त्यामुळे एकट्या त्या अहवालावरून कोणी निदान केले असेल तर ते अपुरे ठरेल. वारंवार पाहण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत: रक्तपेशींची मोजणी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या, स्नायूंसाठी सीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारे द्रव्य), आणि सर्वांत दुर्लक्षित पण सर्वांत मोलाची म्हणजे लघवीची तपासणी, प्रथिने जातात का हे पाहण्यासाठी. डीएस-डीएनए आणि कॉम्प्लिमेंट (प्रतिकारयंत्रणेची रक्तातली प्रथिने) यांच्यावर डॉक्टर लक्ष ठेवतील, कारण पुढे ल्युपसचा भाग डोके वर काढू लागला तर त्याची चाहूल त्यांत लागू शकते.

आता इकोचा प्रश्न. तुमच्या पत्रातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून त्यावर अंमळ थांबतो. हृदयाकडून फुफ्फुसांकडे जाणाऱ्या धमन्या आतून जाड होऊन त्यांतला दाब वाढतो, याला पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शन म्हणतात, आणि मिक्स्ड प्रकारात मृत्यूच्या कारणांमध्ये ते आघाडीवर आहे. दंडावर मोजला जाणारा रक्तदाब अगदी नॉर्मल असतानाही हा दाब वाढलेला असू शकतो, कारण हे रक्ताभिसरण वेगळे आहे. सुरुवातीला माणसाला काहीच जाणवत नाही. पुढे चढ चढताना धाप लागते, पण आधीच थकवा आणि सांधेदुखी असलेली व्यक्ती नकळत चालणे कमी करते, जिना टाळते, आणि मग ‘मला धाप लागत नाही’ हे तिचे म्हणणे तिच्यापुरते खरेच असते. तुमच्या बाबतीत तर जिना चढताना मांड्या आधी थकतात, म्हणजे फुफ्फुसांची परीक्षा होण्याआधीच तुम्ही थांबता. म्हणून लक्षणांची वाट न पाहता इको करायचा. त्यात हृदयाच्या उजव्या कप्प्यांवर ताण आहे का, हे दिसते आणि फुफ्फुसांच्या धमन्यांतल्या दाबाचा अंदाज येतो. तो अंदाजच असतो हेही लक्षात ठेवा. संशय बळावला तर उजव्या हृदयात बारीक नळी घालून दाब प्रत्यक्ष मोजल्याशिवाय हे निदान पक्के होत नाही आणि त्याचे उपचारही सुरू करू नयेत.

इकोसोबत फुफ्फुसांची चाचणी सांगितली असेल, तर त्यात ‘डीएलसीओ’ असल्याची खात्री करून घ्या. साध्या फुंकरीच्या चाचणीत हवा किती आत-बाहेर जाते तेवढेच कळते. डीएलसीओमध्ये श्वासातला वायू फुफ्फुसांतून रक्तात किती सहज उतरतो हे मोजले जाते. हवेचे प्रमाण ठीक पण हे उतरणे मंदावलेले, असे चित्र असेल तर धमन्यांचा विचार करावा लागतो. दोन्ही घटत असतील तर फुफ्फुसांच्या जाळीत डाग पडत आहेत का, हे पाहायला छातीचा एचआरसीटी (बारकावे दाखवणारा सीटी स्कॅन) करतात. दोन्ही आजारांवर आज औषधे आहेत, आणि ती लवकर सुरू झाली तर त्यांचा उपयोग जास्त होतो. वर्षातून एक दुपार या चाचण्यांना देणे त्या मानाने स्वस्त आहे.

औषधांकडे वळतो. अशा संयुक्त (मिक्स्ड) आजारात औषध नावाला दिले जात नाही, अवयवाला दिले जाते. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे पायाचे औषध आहे. त्याचा परिणाम जाणवायला दोन-तीन महिने, कधी अधिकही लागतात, म्हणून ‘काही फरक नाही’ म्हणून ते सोडून देण्याची चूक अनेक जण करतात. दिवसाचा डोस वजनाच्या प्रत्येक किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी पहिल्या वर्षाच्या आत एकदा व पाच वर्षांनंतर दरवर्षी करावी. तुमचे मूत्रपिंड कमकुवत असेल तर त्याहून लवकर. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. चुकून ते रोज घेतल्याने जीव गमावल्याच्या घटना घडलेल्या आहेत, म्हणून तो वार डबीवर ठळक अक्षरांत लिहून ठेवा, फॉलिक अ‍ॅसिडची गोळी चुकवू नका, आणि तोंडात अचानक फोड आले किंवा कोरडा खोकला व धाप सुरू झाली तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना विचारा.

प्रेडनिसोलोन स्वतःच वाढवण्याबद्दल मात्र मी गोड शब्दांत बोलणार नाही. ते बंद करा. म्हणजे गोळी बंद करा असे नव्हे, स्वतः ठरवणे बंद करा. काही आठवडे स्टेरॉइड घेतल्यावर शरीर स्वतःचे कॉर्टिसॉल बनवणे मंद करते, त्यामुळे ते अचानक सोडणे धोक्याचे असते. आणि वाढवण्यातही नेहमीच्या मधुमेह, हाडांची झीज, संसर्ग यांखेरीज तुमच्यासारख्यांना एक वेगळाच धोका आहे. ज्यांच्यात स्क्लेरोडर्माचा अंश आहे त्यांना दिवसाला १५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त प्रेडनिसोलोन दिल्यास मूत्रपिंडांचा एक तीव्र झटका येण्याचा संभव वाढतो, ज्यात रक्तदाब एकाएकी चढतो आणि मूत्रपिंडे काही दिवसांत निकामी होऊ शकतात. म्हणजे ज्या गोळीने स्नायूंना आराम पडतो तीच गोळी आजाराच्या दुसऱ्या अंगाला घातक ठरू शकते. संयुक्त आजाराची खरी कठीण जागा हीच आहे. दुसरे उदाहरण सांगायचे तर ऱ्हुमेटॉइड सांध्यांवर चांगली चालणारी टीएनएफविरोधी (दाह वाढवणाऱ्या टीएनएफ या प्रथिनाला रोखणारी) इंजेक्शने काही जणांत ल्युपससारखा आजार उद्भवू देतात. म्हणून सांध्यांसाठी एक, त्वचेसाठी दुसरे, छातीसाठी तिसरे डॉक्टर असले तरी सगळ्या औषधांचा लगाम एकाच हाती, तुमच्या संधिवाततज्ज्ञांच्या हाती, असू द्या. घरी रक्तदाब मोजण्याचे यंत्र ठेवा आणि आठवड्यातून एकदा तरी आकडा लिहून ठेवा. तो नेहमीपेक्षा एकदम चढला आणि डोके दुखत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बोटांसाठी बऱ्याचदा गोळीपेक्षा ऊब जास्त काम करते, आणि नुसते हातमोजे पुरत नाहीत: छाती-पोट गार पडले तरी शरीर बोटांचा रक्तपुरवठा आखडते, म्हणून अंगभर ऊब हवी. घरात कोणी धूम्रपान करत असेल तर तेही थांबायला हवे. सर्दीच्या काही गोळ्या आणि रक्तदाबाची काही जुनी औषधे रक्तवाहिन्या आखडतात, तेव्हा औषध देणाऱ्या प्रत्येकाला ‘मला रेनॉ आहे’ (गारठ्यात बोटांचा रंग बदलण्याच्या या त्रासाचे नाव) हे सांगत जा. इतके करूनही त्रास राहिला तर निफेडिपिन किंवा अ‍ॅम्लोडिपिन उपयोगी पडते. बोटाच्या टोकावर जखम झाली किंवा एखादे बोट काळपट पडून तसेच राहिले, तर मात्र थांबू नका. छातीत जळजळ किंवा घास अडकणे तुम्ही लिहिलेले नाही, पण ते असेल तर केवळ आम्लपित्त समजून सोडू नका. या आजारात अन्ननलिकेची हालचालच मंदावते.

थकव्याचे मूळ दर वेळी आजाराचा भडका हेच नसते. रक्तक्षय, थायरॉइड, अपुरी झोप, खचलेले मन, फायब्रोमायॅल्जिया (दाह नसताना अंगभर दुखण्याचा विकार) यांपैकी काहीही त्यामागे असू शकते, आणि त्यावर स्टेरॉइड वाढवून काही साधत नाही. स्नायूंचा दाह ओसरल्यावर हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम हा औषधाइतकाच गरजेचा आहे. लसींबाबत एकच नियम: मेथोट्रेक्सेट आणि स्टेरॉइड चालू असताना जिवंत विषाणूंच्या लसी शक्यतो टाळायच्या, इन्फ्लुएन्झा आणि न्यूमोकोकससारख्या निष्क्रिय लसी आवर्जून घ्यायच्या.

दुसरे मूल. शक्य आहे, पण आज नाही. मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे. गर्भधारणेच्या आधी काही काळ, बहुतेक डॉक्टर तीन महिने म्हणतात, ते बंद झालेले असले पाहिजे, आणि तोपर्यंत गर्भनिरोध काटेकोर हवा. त्यासाठी गोळ्या निवडण्याआधी अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची तपासणी करून घ्या, कारण ती पॉझिटिव्ह असतील तर इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. ती एकदा पॉझिटिव्ह आली तर किमान बारा आठवड्यांनी पुन्हा तपासतात. मेथोट्रेक्सेटच्या जागी अझाथायोप्रिन देता येते, ते गरोदरपणात चालते, आणि आजार त्या नव्या औषधांवर निदान सहा महिने शांत राहिला की मगच प्रयत्न सुरू करावा. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन गरोदरपणातही चालू ठेवायचे आहे. घरचे किंवा एखादे डॉक्टरही ‘सगळी औषधे बंद’ म्हणतील, तेव्हा हे औषध वगळून ऐका.

यात दोन गोष्टी तुमच्या स्वतःच्या अहवालाशी बांधलेल्या आहेत. एक म्हणजे रो. ही प्रतिपिंडे वारेतून बाळापर्यंत पोहोचतात आणि सुमारे २ टक्के गर्भांत हृदयाची विद्युतवाहिनी बिघडवून ठोके मंद करतात. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनमुळे हा धोका कमी होतो, आणि साधारण १६ ते २६ आठवड्यांच्या काळात बाळाच्या हृदयाचा इको करत राहिल्यास बिघाड वेळेत नजरेत येतो. तुमचे पहिले मूल निरोगी आहे ही चांगली बाजू आहे, पण त्यावरून दुसऱ्या वेळची हमी मिळत नाही. दुसरी गोष्ट पुन्हा तोच इको, या वेळी तुमचा. फुफ्फुसांच्या धमन्यांतला दाब वाढलेला असेल तर गरोदरपण आईच्या जिवावर बेतते आणि अशा वेळी गर्भधारणा टाळण्याचाच सल्ला द्यावा लागतो. तो नॉर्मल असेल, लघवीत प्रथिने नसतील आणि फुफ्फुसे ठीक असतील, तर तुमच्या संधिवाततज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ मिळून पुढची आखणी करू शकतील. म्हणजे ज्या तपासणीला तुम्ही ‘कशासाठी’ म्हणालात, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिच्याच अहवालात आहे.

पुढच्या भेटीला जाताना एका कागदावर लक्षणांचा क्रम वर्षांसह, आत्ताच्या औषधांचे डोस आणि गेल्या तीन महिन्यांत प्रेडनिसोलोन किती वेळा व किती वाढवली हे खरेखुरे लिहून न्या. तो शेवटचा आकडा सांगायला संकोच वाटेल, पण तो पाहिल्याशिवाय तुमच्या डॉक्टरांना मेथोट्रेक्सेट पुरेसे पडते आहे की नाही, हे कळण्याचा मार्ग नाही.